केप यॉर्क : तुटलेल्या भूसेतूचा प्रदेश

ऑस्ट्रेलिया खंडाच्या ईशान्य कोपऱ्यातून निमुळता होत उत्तरेकडे गेलेला जो त्रिकोणी भूभाग नकाशावर न्यू गिनीच्या दिशेने रोखलेला दिसतो, त्याला केप यॉर्क द्वीपकल्प म्हणतात. क्वीन्सलंड राज्याचा हा भाग पूर्वेचा कोरल समुद्र आणि पश्चिमेचे कार्पेन्टेरियाचे आखात यांच्या मधोमध पसरला असून, त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,३७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी भरते. मात्र एवढ्या विस्तारात राहणाऱ्या माणसांची संख्या जेमतेम वीस हजारांच्या घरात आहे आणि त्यांतील बहुसंख्य येथील मूळ रहिवासी व टॉरेस सामुद्रधुनीतील द्वीपवासी आहेत. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रवाशाला हा खंडाचा शेवट वाटतो, आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांतही त्याचे वर्णन तसेच केलेले असते. येथील खडक, पाणी, झाडे आणि पक्षी यांचा विचार केला तर मात्र ही समजूत टिकत नाही, कारण भूगोलाच्या दृष्टीने केप यॉर्क हा एका प्रचंड भूसेतूचा पाण्याबाहेर उरलेला दक्षिण भाग आहे.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती, आणि ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व टास्मानिया मिळून एकच सलग खंड होता, ज्याला भूवैज्ञानिक ‘साहुल’ असे नाव देतात. आज जेथे कार्पेन्टेरियाचे आखात आहे तेथे त्या काळी मचूळ पाण्याचे एक विस्तीर्ण सरोवर होते आणि त्याच्या भोवती गवताळ मैदाने पसरली होती. पुढे हिम वितळून समुद्र चढत गेला आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडची जमीन पाण्याखाली जाऊन टॉरेस सामुद्रधुनी तयार झाली. ती रुंदीने सुमारे १५० किलोमीटर असली तरी पुष्कळ ठिकाणी तिची खोली पंधरा मीटरही भरत नाही. भूशास्त्राच्या मोजमापाने ही अगदी अलीकडची घटना असल्यामुळे द्वीपकल्पाच्या जंगलांत ऑस्ट्रेलियाच्या अन्य भागांत सहसा न आढळणारे, पण न्यू गिनीत सर्रास दिसणारे जीव राहतात.

द्वीपकल्पाची रचना महाराष्ट्रातील वाचकाला चटकन उमगेल अशी आहे. सह्याद्री जसा पश्चिम किनाऱ्याला लगटून उभा आहे, तसा येथे ‘ग्रेट डिव्हायडिंग रेंज’ या डोंगररांगेचा उत्तरेकडील फाटा पूर्व किनाऱ्याच्या जवळून जातो. त्यामुळे पूर्वेकडच्या नद्या आखूड व वेगवान आहेत, तर मिचेल, आर्चर, वेनलॉक यांसारख्या पश्चिमवाहिनी नद्या सपाट मैदानांतून वळणे घेत, असंख्य फाटे फोडत आखाताला मिळतात. उंचीच्या बाबतीत मात्र सह्याद्रीशी तुलना होऊ शकत नाही, कारण मॅकइल्रेथ रांगेतील सर्वांत उंच जागाही ८२४ मीटरच्या वर जात नाही. या भूमीचे वैभव तिच्या उंचीत नसून तिच्या सलगपणात आहे: एखादी नदी उगमापासून मुखापर्यंत धरण वा बंधारा यांच्या अडथळ्याविना वाहताना, आणि तिच्या काठचे रान शेकडो किलोमीटर अखंड राहिलेले, आज उष्ण कटिबंधात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

येथील सारे जीवन पावसाच्या येण्याजाण्यावर बेतलेले आहे. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, उत्तर ऑस्ट्रेलियाची जमीन तापून तिच्यावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि हिवाळ्याने थंडावलेल्या आशियाकडून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडताना वळून वायव्येकडून येथे पोहोचतात. महाराष्ट्रात रब्बीची पिके थंडीवर वाढत असतात त्याच दिवसांत केप यॉर्कवर मोसमी पाऊस कोसळतो, आणि वर्षभराचा बहुतेक पाऊस एप्रिलपूर्वीच पडून जातो. या काळात पश्चिमेकडची मैदाने पाण्याखाली जातात, मातीचे रस्ते बंद होतात आणि अनेक वस्त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध केवळ विमान वा बोटीमुळे टिकून राहतो. मे ते नोव्हेंबर या कोरड्या काळात त्याच मैदानांत भेगाळलेली जमीन, नद्यांच्या पात्रांत मागे राहिलेले डोह आणि त्या डोहांभोवती दाटलेले पक्षी, हरणांप्रमाणे कळपाने चरणारे वॉलबी आणि खाऱ्या पाण्यातील मगरी दिसतात. प्रवास शक्य होतो तो याच दिवसांत, आणि त्यामुळे बाहेरून येणाऱ्या बहुतेकांना या प्रदेशाचे निम्मेच रूप ठाऊक असते.

कोरड्या ऋतूच्या अखेरीस, सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, द्वीपकल्पाच्या आकारामुळे आकाशातही एक विलक्षण घटना घडते. दिवसा दोन्ही किनाऱ्यांवरून आत शिरणारे समुद्रवारे द्वीपकल्पाच्या मध्यावर एकमेकांना भिडतात, त्यांतील पूर्वेकडचा वारा वरचढ ठरतो, आणि या टकरीतून उठलेली हवेची लाट रात्रभर आखातावरून नैऋत्येकडे सरकत राहते. लाटेच्या पुढच्या अंगाला दमट हवा वर उचलली जाऊन तिच्यातील बाष्पाचा ढग बनतो व मागच्या अंगाला हवा खाली येऊन तो विरतो, त्यामुळे लाटेबरोबर गोल गुंडाळीसारखा एक लांबच लांब ढग पुढे जात असल्याचे दिसते. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील बर्कटाउन येथे पहाटे दिसणाऱ्या या ढगाला ‘मॉर्निंग ग्लोरी’ म्हणतात. तो कधी कधी हजार किलोमीटरपर्यंत लांब असतो.

द्वीपकल्पात शिरण्याचे आग्नेयेकडील दार म्हणजे एन्डेव्हर नदीच्या मुखावरील कुकटाउन. जेम्स कुकचे जहाज ११ जून १७७० रोजी प्रवाळखडकावर आदळले आणि त्याच्या दुरुस्तीसाठी खलाशांना या नदीकाठी सुमारे सात आठवडे मुक्काम करावा लागला. ‘कांगारू’ हा जगभर गेलेला शब्द याच मुक्कामात येथील गुगू यिमिधिर लोकांकडून नोंदला गेला. या मुक्कामातील दुसरी एक घटना अधिक विचार करण्याजोगी आहे. खलाशांनी समुद्री कासवे पकडून जहाजावर आणली आणि त्यांतील वाटा मागणाऱ्या स्थानिकांना नकार दिला, तेव्हा त्या लोकांनी छावणीभोवतालच्या वाळलेल्या गवताला आग लावली. नंतर एक वयोवृद्ध पुरुष टोक मोडलेला भाला घेऊन पुढे आला आणि समेट झाला. शिकारीचा वाटा, गवताची आग आणि मोडलेला भाला या तिन्ही गोष्टींवरून हे स्पष्ट होते की ज्या भूमीला पुढे ब्रिटिश कायद्याने बेवारस मानले, तेथे वापराचे व देवघेवीचे नियम आधीपासून पक्के होते.

कुकटाउनच्या दक्षिणेला रस्त्यालगत उभा असलेला काळा पर्वत, ज्याला स्थानिक भाषेत कलकाजाका म्हणतात, केवळ दगडांचा ढीग वाटतो, कारण त्याच्या उतारांवर माती जवळजवळ नाही आणि घराएवढे ग्रॅनाइटचे गोटे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे पडलेले आहेत. हा ग्रॅनाइट जमिनीखाली असतानाच त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या, भेगांतून मुरणाऱ्या पाण्याने ठोकळ्यांचे कोपरे कुजवून त्यांना गोलाई आणली आणि पुढे मधली भुसभुशीत माती पावसाने धुऊन नेली, म्हणून हे गोटे उघडे पडले. दगड आतून फिकट असून त्यांचा काळा रंग लोह व मँगेनीज यांच्या संयुगांच्या पातळ पुटामुळे व सूक्ष्म शैवालामुळे आलेला आहे. उन्हात वरचे दगड हाताला चटका देतात, आणि खालच्या पोकळ्यांत मात्र ओलावा व गारवा टिकून राहतो. या पोकळ्यांत एक बेडूक, एक पाल आणि एक सापसुरळीसारखा सरडा अशा तीन जाती राहतात, ज्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत. बेडकाला येथे साचलेले पाणी मिळत नाही. त्यामुळे त्याची पिल्ले भैरवमाशाची अवस्था अंड्यातच पूर्ण करून थेट छोट्या बेडकाच्या रूपात बाहेर पडतात.

अशाच गोट्यांचे पण कितीतरी अधिक दुर्गम डोंगर ईशान्य किनाऱ्यावरील केप मेलव्हिल येथे आहेत. हेलिकॉप्टरखेरीज जेथे पोहोचणे अवघड, अशा तेथील माथ्यावर शास्त्रज्ञांना पानासारख्या शेपटीची एक पाल, एक सरडा आणि एक बेडूक अशा तीन नव्या जाती आढळल्या व २०१३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. याच डोंगरांचा एक रहिवासी मराठी वाचकाने बहुधा पाहिलेला असतो: पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ‘फॉक्सटेल पाम’ म्हणून विकले जाणारे, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार झावळी असलेले ताडवर्गीय झाड मूळचे केवळ मेलव्हिल रांगेतील या दगडांमधले आहे, आणि वनस्पतिशास्त्राला त्याची रीतसर ओळख १९८३ मध्ये झाली. या किनाऱ्याची दुसरी आठवण दुःखद आहे. मार्च १८९९ मध्ये ‘माहिना’ नावाच्या चक्रीवादळाने बाथर्स्ट उपसागरात नांगरलेला मोती काढणाऱ्या गलबतांचा ताफा बुडवला आणि तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

कुकटाउनहून आत वळले की लॉरा गावाभोवती वालुकाश्माचे, म्हणजे वाळूचे थर दाबले जाऊन बनलेल्या खडकाचे, कडे लागतात. त्यांच्या कपारींत गेरू, पांढरी माती व कोळसा यांनी काढलेली हजारो चित्रे आहेत. त्यांत कांगारू, मगरी, मासे, माणसे आणि ‘क्विंकन’ नावाच्या काटकुळ्या आकृतींचे आत्मे आढळतात. या परिसरातील मानवी वस्तीचे पुरावे तीस हजार वर्षांहून जुने असल्याने ज्यांनी समुद्र चढताना पाहिला त्यांचे वंशजच येथे सतत राहत आले, असे मानण्यास जागा आहे. २०१८ मध्ये या प्रदेशाचा समावेश ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत करण्यात आला.

लॉराच्या पुढे मुख्य रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत कच्चा आहे. वाहनांच्या वर्दळीने त्यावर आडव्या पन्हळी पडतात आणि कोरड्या महिन्यांत खळग्यांमध्ये इतका बारीक फुफाटा साचतो की खळग्याची खोली चाक आत गेल्यावाचून कळत नाही. दोन्ही बाजूंना निलगिरी व टी-ट्री यांचे विरळ रान आणि त्यात सर्वत्र उभी असलेली वारुळे, असे दृश्य तासन् तास बदलत नाही. पण ते लक्षपूर्वक पाहिले तर त्यातही विविधता आहे. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या सपाट जागी वाळवी आपली वारुळे पातळ भिंतीसारखी आणि अचूक उत्तर-दक्षिण बांधते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे कोवळे ऊन रुंद बाजूंवर पडते, भर दुपारचे प्रखर ऊन केवळ अरुंद माथ्यावर पडते आणि वारूळ फार थंड वा फार गरम होत नाही.

द्वीपकल्पाच्या मध्यभागातील काही गवताळ माळांवर शंकूच्या आकाराची लहान वारुळे असतात आणि त्यांच्यावर सोनेरी खांद्यांच्या पोपटाचे अस्तित्व अवलंबून आहे. पावसाळा संपत येतो तेव्हा वारुळाची माती ओलाव्याने मऊ झालेली असते. त्या अल्प काळात नर-मादी चोचीने बोगदा खोदून आत पोकळी करतात, आणि पुढे ऊन लागून माती कडक झाली की अंड्यांना व पिल्लांना स्थिर तापमानाचे घर मिळते. या घरट्यात एक पतंगही अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या पिल्लांची विष्ठा खाऊन घरटे स्वच्छ ठेवतात. वाळवी, पोपट व पतंग यांचा हा त्रिवेणी संसार उभा राहण्यासाठी माळ मात्र मोकळा असावा लागतो. ठरावीक वेळी लावलेल्या आगींनी पूर्वी तो मोकळा राहत असे. ती पद्धत मोडल्यावर आणि गुरांच्या चरण्याने गवत विरळ झाल्यावर टी-ट्रीची झुडपे माजली, त्यांच्या आडोशाने बुचरबर्ड या शिकारी पक्ष्यांना दबा धरणे सोपे झाले, आणि पोपटांची संख्या घटली. या भूमीच्या ओल्कोला लोकांसाठी हा पक्षी, ज्याला ते अल्वाल म्हणतात, कुलचिन्ह आहे. २०१४ मध्ये सहा लाखांहून अधिक हेक्टर जमीन त्यांना परत मिळाल्यापासून तेथील रान मोकळे करण्याच्या कामी त्यांचाच पुढाकार आहे.

या माळांवर चरणाऱ्या गुरांचे वशिंड आणि गळ्याखाली लोंबणारी पोळी पाहून भारतीय प्रवाशाला आश्चर्य वाटते; त्याचे कारण सरळ आहे. अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही प्रमाणात कृष्णाखोऱ्यातील जनावरांच्या संकरातून ‘ब्राह्मन’ जात तयार झाली, १९३३ मध्ये ती क्वीन्सलंडात आणली गेली, आणि उष्णता व गोचिडांना दाद न देणारी म्हणून उत्तरेत सर्वत्र पसरली.

पश्चिम किनाऱ्यावर वीपा येथे जमिनीचा रंग एकाएकी गडद तांबडा होतो. कोकणातील जांभा ज्या प्रक्रियेने तयार झाला, त्याच प्रक्रियेचे हे अधिक पुढे गेलेले रूप आहे: मुसळधार पाऊस आणि कडक कोरडा ऋतू यांची आवर्तने लाखो वर्षे चालू राहिली की पाणी मातीतील सिलिका विरघळवून नेते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात, ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले की त्या थराला बॉक्साइट म्हणतात. वीपाचे बॉक्साइट वाटाण्याएवढ्या गोल खड्यांच्या स्वरूपात, जमिनीच्या पातळ थराखाली काही मीटर जाडीचे आढळते. मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०२ मध्ये समुद्रातून या तांबड्या कड्यांची नोंद केली होती, त्याच्याही आधी १६०६ मध्ये विलेम यान्सझोनचे ‘दॉयफ्केन’ हे डच जहाज याच किनाऱ्याला लागले होते, पण त्या मातीचे मोल १९५५ मध्ये हॅरी इव्हान्स या भूवैज्ञानिकाच्या ध्यानात आले आणि त्यानंतर जगातील मोठ्या बॉक्साइट खाणींपैकी एक येथे उभी राहिली. बॉक्साइट काढण्यासाठी वरचे निलगिरीचे उंच रान समूळ काढावे लागते. खाणीनंतर झाडे पुन्हा लावली जातात हे खरे. परंतु वाळवीने पोखरून व आगीने रुंदावून खोडात जी ढोली तयार होते, तिला शतक वा त्याहून अधिक काळ लागतो आणि रोपवनात ती कोणाला लावता येत नाही.

ढोलीचे महत्त्व पूर्व किनाऱ्यावरील आयर्न रेंजच्या परिसरात, म्हणजे आजच्या कुटिनी-पायामू राष्ट्रीय उद्यानात, नीट कळते. येथे ऑस्ट्रेलियातील सखल भूमीवरचे सर्वांत मोठे वर्षावन आहे. त्यात हिरवा अजगर, ठिपक्यांचा कस्कस हा झाडावर राहणारा शिशुधानी प्राणी, आणि नर हिरवा तर मादी तांबडी-निळी असलेला एक्लेक्टस पोपट असे न्यू गिनीचे भाईबंद राहतात. वर्षावन आणि निलगिरीचे रान जेथे मिळतात त्या सीमेवर पाम काकाकुवा घरटी करतो. काळ्या पिसांचा, तांबड्या गालांचा व उंच तुऱ्याचा हा नर झाडाची फांदी तोडतो, चोचीने तासून तिचा वीतभर दांडका करतो आणि तो पायात धरून पोकळ खोडावर ठोके देतो. प्रत्येक नराची लय वेगळी असते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. हत्यार तयार करून ताल धरणारा दुसरा वन्य प्राणी ज्ञात नाही. मादी एका वेळी एकच अंडे देते आणि तेही वर्षाआड, त्यामुळे एखाद्या जुन्या ढोलीच्या झाडाचा नाश ही या पक्ष्याच्या बाबतीत सहज भरून न येणारी हानी ठरते. याच किनाऱ्यापलीकडे ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात रेन बेट आहे, जे हिरव्या समुद्री कासवांचे जगातील सर्वांत मोठे विणीचे स्थान मानले जाते.

उत्तरेकडील शेवटचा टप्पा जुन्या तारमार्गाने जातो. १८८० च्या दशकात लॉराकडून उत्तर टोकापर्यंत तारेची लाइन टाकली गेली. ती कधीच निकामी झाली असली तरी तिच्या देखभालीसाठी पाडलेली वाट उरली आहे. या भागातील सच्छिद्र वालुकाश्म पावसाळ्यातले पाणी शोषून वर्षभर झऱ्यांतून सोडत राहतो, म्हणून ऐन कोरड्या महिन्यांतही एलियट व फ्रूट बॅट हे धबधबे निर्मळ पाण्याने वाहतात आणि जार्डीन नदी कधी आटत नाही. तिच्या काठच्या पाणथळ, निकस वाळूत कीटक पकडून नत्राची गरज भागवणाऱ्या घटपर्णी वनस्पती वाढतात. पूर्वेला एस्केप नदीच्या जवळ एडमंड केनेडी या सर्वेक्षकाचा डिसेंबर १८४८ मध्ये भाल्यांनी अंत झाला. खारफुटी, दलदल व उपासमार यांनी खचलेल्या त्याच्या तेरा जणांच्या मोहिमेतून तिघेच वाचले, आणि त्यांच्यापैकी गलमाहरा या आदिवासी सोबत्याने एकट्याने टोकापर्यंत जाऊन जहाजाला खबर पोहोचवली नसती तर तेवढेही वाचले नसते. आज जार्डीन नदी तारदोराने ओढल्या जाणाऱ्या तराफ्यावरून पार करता येते.

दक्षिण अक्षांश १० अंश ४१ मिनिटांवर, एका उघड्या खडकाळ भूशिरापाशी, मुख्य भूमी संपते. भूशिरापलीकडे दोन समुद्रांच्या भरती-ओहोटीच्या वेळा जुळत नसल्यामुळे सामुद्रधुनीत पाण्याला भयंकर ओढ असते. समोर दिसणारी बेटे मात्र द्वीपकल्पाचाच पुढचा भाग आहेत, कारण पश्चिमेकडची बहुतेक बेटे बुडालेल्या डोंगररांगेचे माथे आहेत. पूर्वेकडची मेर व तिच्या शेजारची बेटे ज्वालामुखीजन्य आहेत, तर उत्तरेकडची सायबाय व बोइगू ही न्यू गिनीच्या नद्यांच्या गाळाची, समुद्रपातळीहून जेमतेम वर असलेली आहेत. मेर बेटाच्या जमिनीवरून चाललेल्या माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही भूमी बेवारस होती हा सिद्धान्त फेटाळला, आणि १९९६ मध्ये द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील विक लोकांच्या खटल्यात, गुरचराईचा पट्टा दिल्याने मूळ हक्क आपोआप संपत नाहीत, असा निर्णय दिला.

सायबायपासून पापुआ न्यू गिनीचा किनारा सुमारे चार किलोमीटरवर आहे. १९७८ मध्ये झालेल्या आणि १९८५ पासून अमलात असलेल्या करारानुसार सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरील परंपरागत रहिवाशांना मासेमारी, वस्तुविनिमय, लग्नकार्य व अंत्यविधी यांसाठी पासपोर्ट वा व्हिसाविना ये-जा करण्याची मुभा आहे, आणि लहान होड्यांतून ही ये-जा आजही चालू आहे.